ड्रोनच्या नकाशात उंची चुकतेय? आधी फरकाचा आकार बघा

माण तालुक्यातल्या एका माळावर पाणलोटाचं काम होतं. समपातळी चर आखायचे म्हणून ड्रोन उडवून कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढून दिले होते. नकाशा देखणा झाला होता. आखणीच्या दिवशी गावातल्या एका आजोबांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "काय हो, आमच्या माळावर ही टेकडी कधी उगवली?"

टेकडी नव्हतीच. माळाचा मधला भाग नकाशात जवळपास ४० सेंटिमीटर फुगला होता, उपड्या परातीसारखा. त्या कंटूरवर चर खणले असते तर पाणी चरात थांबलं नसतं. उताराकडच्या टोकाला गोळा होऊन तिथून बांध फोडून गेलं असतं.

त्यानंतर हाच रोग मी दगडखाणीत, शेततळ्यांवर, गावठाणात, प्लॉटिंगच्या लेआउटमध्ये कितीदा तरी पाहिला आणि दुरुस्त केला. मूळ कारण दर वेळी वेगळं निघतं, ओळखायची रीत मात्र तीच राहते. ती इथे लिहितो. क्रम सोप्या आणि फुकटच्या तपासणीपासून महागड्या तपासणीकडे आहे. मधल्या पायऱ्या गाळू नका. चूक पहिल्याच पायरीवर असताना लोक दुसऱ्यांदा उड्डाण करून दोन दिवस घालवतात, हे मी पाहिलंय आणि मी स्वतःही ते केलंय.

लक्षणं

खालीलपैकी एखादं किंवा दोन-तीन एकत्र दिसतील:

- सगळ्या उंच्या एकाच आकड्याने वर किंवा खाली. कधी २ मीटर, कधी साठ-पासष्ट मीटर.
- सपाट जमिनीवर गोल गोल कंटूर, म्हणजे मध्ये फुगवटा किंवा वाटीसारखा खोलगटपणा.
- एका बाजूला उंची जुळते, दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत फरक वाढत जातो.
- घरांच्या कडा दुहेरी, भिंती मेण वितळल्यासारख्या, पत्र्याच्या शेडवर खड्डे.
- उसाच्या, झाडांच्या किंवा पाण्याच्या जागी नकाशा फाटलेला, नाहीतर अशक्य उंच्या.
- जानेवारीचा आणि मे महिन्याचा नकाशा एकमेकांवर ठेवला की रस्ता मीटर-दीड मीटर सरकलेला.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे लक्षणच नसणं. ऑर्थो, म्हणजे ड्रोनचे फोटो सॉफ्टवेअरने जोडून केलेला सपाट फोटो-नकाशा, सुंदर दिसतो, रिपोर्टमध्ये चूक २ सेंटिमीटर लिहिलेली असते आणि उंची तरीही गंडलेली असते.

कागद, पेन आणि दहा मिनिटं

सॉफ्टवेअर उघडू नका. साइटचा कच्चा नकाशा कागदावर काढा. जिथे जिथे जमिनीवरची उंची माहीत आहे, तिथे नकाशातली उंची वजा खरी उंची एवढा फरक लिहा. अधिक-उणे चिन्हासकट लिहा. रिपोर्टमध्ये सरासरी चूक दिलेली असते, तिच्यात चिन्ह पुसलं जातं, आणि आपल्याला हवं असतं ते नेमकं चिन्हच.

यासाठी चेकपॉइंट लागतात, जीसीपी नव्हे. दोन्ही जमिनीवर खूण करून जागा आणि उंची मोजलेले बिंदूच; जीसीपी सॉफ्टवेअरला दिलेले असतात, चेकपॉइंट फक्त तपासायला राखलेले. जीसीपी धरून सॉफ्टवेअरने नकाशा ओढून बसवलेला असतो. तेच बिंदू पुन्हा तपासायला घेणं म्हणजे पोराने स्वतः पेपर लिहायचा आणि स्वतःच तपासायचा. रिपोर्टमधले २ सेंटिमीटर बहुतेक वेळा असेच आलेले असतात. दहा बिंदू घेतले असतील तर सहा-सातच जीसीपी म्हणून द्या आणि उरलेले लपवून ठेवा. सगळे आधीच दिले असतील तर तीन-चार बिंदूंचा टिक काढा आणि पुन्हा प्रोसेस करा, खर्च शून्य.

चेकपॉइंट घेतलेच नसतील तरी हात टेकायची गरज नाही. शेततळं किंवा पाझर तलाव असेल तर साठलेलं पाणी ही फुकटची लेव्हल आहे. वारा नसताना काढलेल्या फोटोत पाण्याची ओली कड सगळीकडे एकाच उंचीला असली पाहिजे. काठाकाठाने आठ-दहा ठिकाणी उंची वाचा. पाण्यावरची वाचू नका, तिथे सॉफ्टवेअर काहीही बरळतं. या काठाला ५६२.१० आणि पलीकडच्या काठाला ५६२.४५ आलं, तर पाणी चढावर चढलेलं नाही, तुमचा नकाशा कललाय. तळं नसेल तर गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि शाळेच्या पायरीपासून देवळाच्या ओट्यापर्यंत लेव्हल न्या. दीडशे रुपयांच्या नळीने मी लाखोंच्या ड्रोनची चूक पकडली आहे.

आता फरकांकडे बघा. सगळीकडे साधारण तोच आकडा असेल तर तो एकसारखा फरक. एका बाजूकडून दुसरीकडे वाढत गेला तर कललेला. कडेला उणे आणि मध्ये अधिक, किंवा त्याच्या उलट असेल तर फुगलेला. काहीच ताळमेळ नसेल तर विस्कटलेला. पुढचं सगळं यावर ठरतं. एकसारखा फरक असेल तर उड्डाणाला हात लावायची गरजच नाही, घोळ आकडेमोडीत आहे. फुगवटा असेल तर आकडेमोडीत कितीही शोधलं तरी काही सापडणार नाही.

एकसारखा फरक: कुठली उंची, कुणापासून मोजलेली?

जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, म्हणजे लंबगोलाकारापासून. आपण बोलतो ती समुद्रसपाटीपासूनची. जगात ही दोन पृष्ठं एकमेकांपासून सगळ्यात जास्त जिथे फाकतात ती जागा आपल्या शेजारीच आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रसपाटी त्या गणिती पृष्ठाच्या शंभर मीटरहून जास्त खाली आहे, आणि त्या खोलगटपणाची कड आपल्यापर्यंत पोचते. महाराष्ट्रात फरक साठ मीटरच्या आगेमागे पडतो. म्हणून रत्नागिरीच्या वाळूत रोव्हर, म्हणजे काठीवरचा अचूक जीपीएस, रोवला तर कच्ची उंची उणे साठच्या घरात दिसते. नवीन मुलं घाबरून यंत्र बिघडलं म्हणतात. यंत्र ठीक असतं.

घोळ होतो तो मिसळीने. जीसीपी समुद्रसपाटीपासून दिले आणि फोटोतली उंची लंबगोलापासूनची राहिली, की सॉफ्टवेअर दोन्हींच्या ओढाताणीत सापडतं. कधी सगळं साठ-पासष्ट मीटर खाली बसतं, कधी मॉडेल अर्धवट कुठेतरी लटकतं. दोन्हीकडे उंचीची एकच व्यवस्था निवडा. जिऑइड मॉडेल, म्हणजे या दोन उंच्यांमधला फरक सांगणारं कोष्टक, तेही सगळीकडे एकच ठेवा. ईजीएम ९६ आणि ईजीएम २००८ यांच्या उंच्या तंतोतंत जुळत नाहीत, आणि बेसच्या, म्हणजे एका जागी ठेवून रोव्हरला दुरुस्ती पाठवणाऱ्या जीपीएसच्या, कंट्रोलरमध्ये एक आणि सॉफ्टवेअरमध्ये दुसरं असं सर्रास होतं.

फरक बरोबर ०.२०० किंवा २.००० मीटर आला तर रोव्हरच्या काठीकडे बघा. काठी २ मीटरची आणि कंट्रोलरमध्ये १.८ टाकलेलं, नाहीतर शून्यच राहिलेलं. यात एक मेख आहे. चेकपॉइंटही त्याच रोव्हरने, त्याच चुकीच्या काठीने घेतले असतील तर चूक दिसणारच नाही, सगळं सुरेख जुळेल. म्हणून एक तरी बिंदू असा हवा ज्याची उंची दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या यंत्राने काढली आहे. गावात जीटीएस बेंचमार्क, म्हणजे सर्वेक्षण विभागाने उंची मोजून ठेवलेली जुनी खूण, शाबूत असेल तर उत्तम.

फरक ४६३.२७ असा विचित्र आणि मोठा आला तर साइट इंजिनिअरला फोन करा. आपल्याकडे टीबीएम, म्हणजे साइटवरची उंचीची तात्पुरती खूण, सर्रास १००.००० धरतात. त्याची उंची गृहीत धरलेली, तुमची समुद्रसपाटीची. कुणाचंच चुकलेलं नसतं.

आडवा सरकाव असेल, दोन महिन्यांचे दोन नकाशे जुळत नसतील, तर बेस कसा बसवला होता ते आठवा. बेस ठेवला, 'सिंगल'वर, म्हणजे कुठलीही दुरुस्ती न घेता, जी जागा दिसली तीच खरी धरली आणि काम सुरू केलं, तर त्या दिवसाचं सगळं काम आपापसांत जुळतं, पण एकगठ्ठा दोन-तीन मीटर कुठेही सरकलेलं असू शकतं. दुसऱ्या वेळी पुन्हा तसंच केलं की सरकाव वेगळा. यावर उपाय दोन. पहिल्या दिवशी काँक्रीटमध्ये खिळा ठोकून त्याच बिंदूवर, त्याच आकड्यांनी बेस लावत जा. नाहीतर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्यावरून, म्हणजे कायमच्या बसवलेल्या बेसच्या जाळ्यावरून, दुरुस्ती घ्या.

झोन, म्हणजे नकाशाच्या आकड्यांसाठी पृथ्वीचा कुठला यूटीएम पट्टा धरलाय, तेही बघून घ्या. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम ४३, पूर्वेला ४४. पुणे, नाशिक, अकोला, अमरावती ४३ मध्ये. वर्धा, नागपूर ४४ मध्ये. यवतमाळ शहर ती रेघ नुकती ओलांडून ४४ मध्ये जातं, त्यामुळे त्या जिल्ह्यात काम असेल तर दर वेळी तपासा. झोन चुकला की नकाशा दुसऱ्याच राज्यात किंवा समुद्रात जाऊन पडतो, त्यामुळे निदान लगेच कळतं तरी. ईस्टिंग-नॉर्दिंगची, म्हणजे पूर्वेकडच्या आणि उत्तरेकडच्या आकड्यांची, अदलाबदलही अशीच ओरडून सांगते.

फोटोच खराब आहेत का?

हे बघायला अर्धा तास लागतो आणि पैसे लागत नाहीत. विस्कटलेला फरक आणि वितळलेल्या भिंती असतील तर इथे थांबा.

फोटो मूळ कार्डावरचेच आहेत ना? एकाने मला ४०० फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, हौसेने, बारा वेळा करून. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि त्यातली जागेची, कॅमेऱ्याची सगळी माहिती पुसतं. अशा फोटोंतून नकाशा निघाला तरी त्याला वजन-माप नसतं.

शंभर टक्के झूम करून दहा-पंधरा फोटो बघा. हललेले आहेत का? हिशेब साधा आहे. ड्रोन सेकंदाला ८ मीटर जातोय आणि शटर १/५०० सेकंद उघडं आहे, तर तेवढ्यात ड्रोन १.६ सेंटिमीटर सरकला. फोटोतला एक पिक्सेल जमिनीवर २.७ सेंटिमीटरचा असेल तर चालून जातं. ढगाळ हवेत ऑटोवर शटर १/१०० झालं तर सरकाव ८ सेंटिमीटर, म्हणजे तीन पिक्सेल. तो फोटो डोळ्याला बरा दिसतो, पण त्यातली चुन्याची फुली नेमकी कुठे आहे ते तुम्ही सांगू शकत नाही आणि सॉफ्टवेअरही सांगू शकत नाही.

टेकऑफ-लँडिंगचे, वळणावरचे, क्षितिज दिसणारे फोटो काढून टाका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लेन्सचा वाकडेपणा आपोआप सुधारण्याची सोय असेल तर मॅपिंगसाठी ती बंदच हवी. फोटो आधीच सरळ करून दिले की सॉफ्टवेअरला खरी लेन्स कळत नाही, आणि ते जो अंदाज बांधतं त्यातून फुगवटा जन्माला येतो.

शटर रोलिंग पद्धतीचं असेल, म्हणजे फोटो वरून खाली ओळीओळीने टिपला जात असेल, तर सॉफ्टवेअरमधली रोलिंग शटरची दुरुस्ती चालू करा. यांत्रिक शटर असेल तर ती लागत नाही.

कललेला फरक: जीसीपी गाडी जाईल तिथेच टाकलेत का?

उत्तर बहुतेक वेळा हो असतं. ऊन कडक असतं, रोव्हर जड असतो, आणि रस्त्याने जीप जाते. पाचही जीसीपी मग एका रस्त्याच्या कडेने, एका ओळीत पडतात. एका ओळीतल्या बिंदूंभोवती नकाशा दाराच्या बिजागरीसारखा फिरू शकतो. बिजागरीवर फरक शून्य, दाराच्या टोकाला पाऊण मीटर.

चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक, हे कमीत कमी. डोंगरउतार असेल तर सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल जागी एकेक हवाच. खाण असेल तर तळाशी एक हवा, आणि इथे आळस महागात पडतो. एका हेक्टरवर उंची १० सेंटिमीटर चुकली तर १००० घनमीटर होतात. ब्रासमध्ये, १०० घनफुटांचा एक ब्रास धरून, साधारण ३५३. त्या ३५३ ब्रासची रॉयल्टी कुणी भरायची यावर दोन माणसं वर्षभर भांडू शकतात.

खुणा मोठ्या करा. पिक्सेल अडीच सेंटिमीटरचा असेल तर वीतभर फुली फोटोत ठिपका दिसते. मी ६० सेंटिमीटरची फुली घालतो, मध्ये वॉशरसकट खिळा. चुना भुरभुरून टाकलेली फुली शेळ्या तुडवतात, वाऱ्याने पसरते, आणि मग मध्य कुठला ते प्रत्येकजण वेगळं सांगतो. खिळा हलत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जीसीपी किमान सहा-आठ फोटोंत हाताने टिपा, आणि ते सगळे फोटोच्या मध्यावरचे नकोत, कडेला दिसणारेही घ्या. एखाद्याच बिंदूवर मोठी चूक दिसली की आधी नाव तपासा. जी ४ आणि जी ५ यांची अदलाबदल हा या धंद्यातला सगळ्यात जुना विनोद आहे.

फोटोच्या स्थानाला किती मान द्यायचा हेही इथेच ठरतं. मेटाशेपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात फोटोच्या जागेची अचूकता १० मीटर धरलेली असते. आरटीके, म्हणजे उडतानाच सेंटिमीटरपर्यंत जागा काढणारा ड्रोन असून हा आकडा तसाच राहिला तर आरटीकेचे पैसे वाया. उलट साध्या जीपीएसच्या ड्रोनला ५ सेंटिमीटर लिहिलं तर सॉफ्टवेअर त्या खोट्या जागांवर विश्वास ठेवून मॉडेल पिळून काढतं. ड्रोन जसा, तसा आकडा.

फुगवटा: सगळे फोटो नाकासमोर खाली बघतात

आजोबांची टेकडी इथे आहे.

पूर्वी विमानातून नकाशासाठी फोटो घ्यायचे तेव्हा पुढे-मागे ६० टक्के आणि शेजारी ३० टक्के एवढंच एकमेकांवर चढवायचे, आणि ते पुरायचं. कारण तो कॅमेरा अवजड, २३ सेंटिमीटर चौरस फिल्मचा आणि प्रयोगशाळेत मोजून काढलेला असायचा. लेन्स किती वाकडी आहे याचा दाखलाच सोबत असायचा. आपल्या ड्रोनचा कॅमेरा बोटभर. त्याची लेन्स उन्हात तापली, ड्रोन आपटला, तरी बदलते. सॉफ्टवेअर म्हणून दर वेळी फोटोंवरूनच लेन्सचा वाकडेपणा काढतं.

अडचण अशी की सगळे फोटो एकाच उंचीवरून आणि सरळ खाली बघणारे असतील, तर 'लेन्स थोडी वाकडी आहे' आणि 'जमीन थोडी फुगीर आहे' या दोन उत्तरांमध्ये सॉफ्टवेअरला फरक करता येत नाही. दोन्हींतून फोटो तितकेच चांगले जुळतात. मग ते दोघांत वाटून टाकतं, लेन्स जरा सरळ आणि जमीन जरा फुगीर. रिपोर्टमध्ये काहीच खटकत नाही, कारण फोटो एकमेकांशी खरंच जुळलेले असतात.

उपायही क्रमाने करा. आधी फुकटचा: लेन्सचे जुने आकडे दुसऱ्या कामावरून चिकटवलेले असतील तर काढा, खराब जुळणारे बिंदू गाळा, जीसीपी धरून कॅमेरा पुन्हा सोडवायला लावा. मध्यावर एकही जीसीपी नव्हता आणि एक चेकपॉइंट तिथे असेल, तर त्याला जीसीपी करा. तेवढ्याने अर्धं काम होतं, पूर्ण होईलच असं नाही. पण त्यानंतर तपासायला दुसरा बिंदू शोधा, नाहीतर पुन्हा स्वतःचाच पेपर.

तेवढ्याने भागलं नाही तर पुन्हा उडवायचं, पण वेगळ्या पद्धतीने. आधीच्या रेषांना काटकोनात दुसऱ्या रेषा घ्या आणि त्या वेळी कॅमेरा सरळ खाली न ठेवता १५ ते २० अंश तिरका करा. वेगळ्या कोनातून तोच खडक दिसला की लेन्सची लबाडी उघडी पडते. सगळा परिसर तिरका टिपायची गरज नाही, थोड्या रेषाही पुरतात. माणच्या माळावर आम्ही अशा सहाच रेषा घेतल्या, एक बॅटरी. फुगवटा ४० वरून ५ सेंटिमीटरवर आला.

डोंगरावर ओव्हरलॅप कागदावरच राहतो

सह्याद्रीत काम करणाऱ्यांनी हे वाचाच. ॲपमध्ये तुम्ही ओव्हरलॅप, म्हणजे एक फोटो दुसऱ्यावर किती चढतो ते, पुढे-मागे ८० आणि शेजारी ७० टक्के टाकलं, उंची १०० मीटर. ॲप हा हिशेब टेकऑफच्या जागेवरून करतं. तुम्ही उडवलं पायथ्याच्या देवळापासून, आणि समोरची सोंड ६० मीटर वर आहे. सोंडेवर ड्रोन जमिनीपासून ४०च मीटरवर.

एक इंच सेन्सरच्या नेहमीच्या कॅमेऱ्याचा फोटो १०० मीटरवरून साधारण १५० बाय १०० मीटर जमीन टिपतो. ८० टक्क्यांसाठी दर २० मीटरला फोटो, ७० टक्क्यांसाठी दर ४५ मीटरला रेष. आता ४० मीटरवरून तोच फोटो ६० बाय ४० मीटर टिपतो. पुढचा-मागचा ओव्हरलॅप ८० वरून ५०, शेजारचा ७० वरून २५ टक्के. सोंडेवर नकाशा फाटतो तो यामुळे, आणि लोक सॉफ्टवेअरला शिव्या देतात.

भूरूपानुसार उंची बदलत उडण्याची सोय असेल तर वापरा. नसेल तर माथ्यावरून उडवा, किंवा टप्पे पाडून दोन-तीन उड्डाणं करा. उसासारख्या एकसुरी पिकावर ८५ आणि ८० टक्के ठेवा, कारण तिथे सॉफ्टवेअरला धरायला खूण सापडत नाही.

पुन्हा उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा पट्टा आहे का बघा. हिरव्यातही मर्यादा ४०० फुटांची, साधारण १२० मीटर. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत ती २०० फूट. पुण्यात आणि मुंबईत लाल पट्टे कुठे कुठे निघतात ते पाहून थक्क व्हाल.

घरं: छत दिसतं, भिंत दिसत नाही

गावठाणाच्या नकाशात सगळ्यात जास्त भांडणं उंचीवरून होत नाहीत, वळचणीवरून होतात. ड्रोनला पत्र्याची कड दिसते. भिंत तिच्या आत दीड-दोन फूट असते. ऑर्थोवरून कड गिरवली की दोन घरांमधला बोळ कागदावरून गायब. गावठाणातल्या मिळकतींचे ड्रोनने नकाशे करणाऱ्या, २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत उड्डाणाआधी गावकऱ्यांना घेऊन मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखून घेतात, ते यासाठीच. वरून जे दिसत नाही ते आधी जमिनीवर लिहावं लागतं.

कडा दुहेरी किंवा नागमोडी दिसत असतील तर तिरके फोटो कमी पडलेत. चारही बाजूंनी तिरके घ्या. सावली कमी असताना, अकरा ते दोनच्या दरम्यान उडवा. नवा पत्रा त्या वेळी चकाकतो आणि त्यावर खड्डे पडतात, त्याला इलाज नाही, छत हाताने दुरुस्त करा.

ऊस, झाडी, पाणी याबद्दल दोनच वाक्यं. फोटोत वरचा थर दिसतो, खालची जमीन दिसत नाही, आणि कुठलंही फिल्टर ती निर्माण करत नाही. तोडणीनंतर उडवा, नाहीतर तेवढा भाग जमिनीवरच्या टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने घ्या.

इथे थांबा

अचूकतेची माझी मोजपट्टी अशी: आडवी चूक एक ते दोन पिक्सेल, उंचीची दोन ते तीन पिक्सेल. पिक्सेल २.७ सेंटिमीटरचा असेल तर उंचीत ५ ते ८ सेंटिमीटर म्हणजे काम चोख झालं. वरचं सगळं करून, दोनदा प्रोसेस करून आणि एकदा पुन्हा उडवूनही चेकपॉइंट याच्या बाहेर जात असतील, तर तिसऱ्यांदा तेच करू नका. कॅमेऱ्याची माउंट सैल असेल, गिंबलचे, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाचे, रबर गेले असतील किंवा लेन्स हललेली असेल. ते घरी उघडायचं काम नव्हे, ड्रोन सर्व्हिस सेंटरला द्या आणि कामाला दुसरा ड्रोन घ्या.

कालव्याचा, रस्त्याचा, ड्रेनेजचा उतार या नकाशावरून ठरणार असेल तर ऑटो लेव्हलवाला, म्हणजे दुर्बिणीच्या यंत्राने उंची मोजणारा, सर्व्हेअर बोलवाच. १००० मीटरला ३० सेंटिमीटर उतार असलेल्या पाटाचं डिझाइन ८ सेंटिमीटर चुकणाऱ्या नकाशावर होत नाही. ड्रोन कितीही महाग असला तरी.

खाणीचा हिशेब वादात गेला असेल, नोटीस आली असेल, तर स्वतःचा नकाशा सुधारत बसू नका. तिसऱ्या माणसाकडून स्वतंत्र मोजणी करून घ्या. तुमच्या सुधारलेल्या नकाशाकडे समोरचा संशयानेच बघणार.

आणि बांधाचं, हद्दीचं भांडण असेल तर ड्रोन बॅगेतच राहू द्या. तुमचा ऑर्थो कितीही स्वच्छ असला तरी हद्द ठरवायचा अधिकार त्याला नाही. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा. असे फोन मला महिन्याला दोन तरी येतात, "भाऊ, जरा वरून बघून सांगा ना बांध कुणाचा." वरून बांध दिसतो. कुणाचा ते दिसत नाही.

सर्व्हेअरला बोलावलंत तर त्याच्या हातात या गोष्टी द्या: कार्डावरचे मूळ फोटो, रोव्हरची कच्ची फाइल, बेस कुठे आणि कुठल्या आकड्यांवर होता, काठीची उंची, जिऑइड मॉडेलचं नाव, आणि अधिक-उणे चिन्हांसकट फरक लिहिलेला तो कागद. मला असा कागद मिळाला की निम्म्या वेळा साइटवर न जाता फोनवरच काम होतं.